काशीत न मरण्याचं नाटक

"काशीत राहून मरायला नाही म्हणणारा म्हातारा! आणि हे तुम्ही बनारसच्या पब्लिकला दाखवणार? खुर्च्या फेकतील हो लोक, खुर्च्या!"

केळकरकाका ओरडत होते. इथल्या मराठी लोकांच्या मंडळाचे ते चिटणीस. त्यांचा गळा असा की बालाजी घाटावर नुसते खाकरले तरी गंगेपलीकडच्या वाळूत कलिंगडं तडकायची. त्या दिवशी तर ते एका शाळेच्या बंद हॉलमध्ये ओरडत होते. माळ्यावरची कबुतरं जी उडाली ती थेट रामनगरला जाऊन बसली आणि तिथंच त्यांनी संसार थाटले. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा.

"फेकू देत," आजोबा म्हणाले. "भाड्याच्या आहेत."

सगळं जग काशीला मरायला येतं. मद्रासहून येतं, नेपाळहून येतं, खाटेवर पडून, रेल्वेच्या डब्यात आडवं होऊन येतं. काशीला येऊन "मी इथं मरणार नाही" म्हणून हटून बसलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच, तो म्हणजे आमचे आजोबा, अलिबागेकडचे निवृत्त शाळामास्तर हनोख थळकर. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. दोन हजार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, त्यांची आम्ही लेकरं. ही गोष्ट आजोबा अशी सांगायचे की जणू त्या दिवशी ते स्वतः पोहून वर आले होते आणि धोतर वाळत घालायला खडक मिळाला नव्हता. पप्पांना इंजिनाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही बनारसला आलो आणि या सबंध शहरातलं एकमेव यहुदी घर झालो. क्वार्टरच्या चौकटीवर आमची मेझुझा, म्हणजे देववचनाची छोटी डबी, तिरकी ठोकलेली असायची. आम्ही जाता-येता तिला बोटं लावून ओठांना लावायचो. ते बघून दूधवाला यादवही लावायला लागला, मग शेजारचे मिश्राजी, मग त्यांच्याकडे आलेले पाहुणे. माझी खात्री आहे, त्या डबीला जेरुसलेममध्ये मिळाला नसेल इतका मान त्या कॉलनीत मिळाला.

आईचा स्वयंपाक म्हणजे रोज एक लढाई. आमच्यात मांसाला दूध-दही लावत नाहीत, सगळी आमटी-कालवणं नारळाच्या रसातली, आणि बनारसमध्ये नारळ मिळायचे फक्त देवळांबाहेर, लाल फडक्यात बांधलेले. आई गल्लीत उभी राहून फूलवाल्याला म्हणायची, "भैया, जो चढाया नहीं वो देना." तो म्हणायचा, "माताजी, कौन से भगवान को चढ़ाना है?" आई म्हणायची, "सालन में चढ़ाना है." मासाही खवलेवालाच हवा, बिनखवल्याचा आम्हाला चालत नाही. कोळीण टेंगरा पुढे करायची, आई तो बाजूला सारायची, आणि रोहूसाठी घासाघीस सुरू व्हायची. ती ऐकायला मी म्हणते दशाश्वमेधापर्यंत लोक जमायचे.

आता मरण्याचं सांगते. आम्ही बनारसला आलो त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात आजी गेली. ख्रिस्ती कब्रस्तानाच्या भिंतीलगत एक कोपरा मागून घेतला आणि तिथं तिला ठेवलं. आमच्यात मेलेल्या माणसामागं कद्दिश म्हणतात. मोठी विचित्र प्रार्थना आहे, तिच्यात मरणाचा एक शब्द नाही, नुसती देवाची स्तुती. पण ती म्हणायला दहा पुरुष हवेत, तेरा वर्षांवरचे. नऊ असले तर तोंड उघडायचं नाही. बायका शंभर असल्या तरी हिशेबात शून्य. त्या दिवशी कबरीपाशी पुरुष दोन, आजोबा आणि पप्पा. धाकटा बेन्नी आईच्या कडेवर होता. कद्दिश आजोबांच्या ओठांपर्यंत आलं आणि त्यांनी ते गिळलं. पुढची कितीतरी वर्षं ते त्यांच्या घशात तसंच अडकून होतं. जेवताना मध्येच ते थांबायचे तेव्हा मला वाटायचं, आत्ता ते कद्दिश आडवं आलं असणार.

"मुंबईला जाऊन म्हणून या," पप्पा सांगायचे. "तिथं सिनेगॉगमध्ये दहा काय, वीस उभे करतील."

"ती इथं आहे," आजोबा म्हणायचे. "मी मुंबईत म्हणू?"

माझे सख्खे काका इस्राएलमधल्या अश्दोदहून फोन करायचे. आमचे सगळेच एकेक करून इस्राएलला गेले होते, अलिबागेतल्या आमच्या आळीत आता कुलुपंच नांदत होती. काका ओरडायचे, "तुम्ही इकडे या रे! इथं दहा माणसं बसमध्येसुद्धा मिळतात!" आजोबा फोन पप्पांच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "त्याला सांग, बस इकडे पाठव." मग आमच्याकडे वळून जाहीर करायचे, "तिचं कद्दिश या गावात झालं की मी मोकळा. तोवर मरायला मला सवड नाही." हे ते इतक्या ठामपणे म्हणायचे की आईची बालंबाल खात्री झाली होती, ज्या दिवशी दहा जमतील त्या दिवशी आजोबा आमेन ऐकतील आणि डोळे मिटतील. म्हणून घरात दहा माणसांचा विषय निघाला की ती भांडी आपटायची.

आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. मोजलं की दृष्ट लागते. कोणी श्लोकातल्या शब्दांनी मोजतं, कोणी आणखी कशाने, आजोबा गावांच्या नावांनी मोजायचे. आमची आडनावंही त्याच गावांवरून आलेली. नवगाव, थळ, किहीम, आवास, झिराड, पोयनाड, पेण, रोहा, अष्टमी, रेवदंडा. रेवदंड्याला पोचलं की दहा पुरे. दर शुक्रवारी दिवे लागले की ते बोट उचलायचे. स्वतःकडे, "नवगाव." पप्पांकडे, "थळ." बेन्नीला तेरा पुरी झाल्यापासून त्याच्याकडे, "किहीम." मग बोट माझ्यासमोर येऊन हवेत थांबायचं, आणि खाली जायचं. मी त्या वेळी अठरा वर्षांची, सहा फुटांना दोन बोटं कमी, कॉलनीतल्या कुठल्याही पुरुषापेक्षा मोठ्या आवाजाची. ते बोट खाली गेलं तरी मी ताठ बसून राहायची. अजूनही, एवढी साठी जवळ आली तरी, कोणी माझ्यासमोर बोटानं माणसं मोजायला लागलं की मी नकळत ताठ बसते.

तर आजोबांनी नाटक लिहिलं. तरुणपणी ते गावोगाव कीर्तनं करायचे. मूसा आणि फारोच्या कथा अस्सल मराठी कीर्तनात, झांजा-पेटीसकट सांगायचे, त्यामुळे रंगमंचाची भीती त्यांना नव्हतीच. नाटकाचं नाव 'आज नको, उद्या या'. काशीत एक म्हातारा यहुदी राहतो, त्याला न्यायला रोज यमदूत येतो, आणि म्हातारा रोज सांगतो, दहा माणसं जमव, प्रार्थना होऊ दे, मग येतो. यमदूत बिचारा वणवण करतो. म्हातारा धरून नऊ जण कसेबसे गोळा होतात, दहावा काही मिळत नाही. शेवटी वैतागून यमदूत स्वतःच दहावा म्हणून मांडी घालून बसतो, प्रार्थना संपते, आणि मग यमाच्या दरबारी त्याच्यावरच ठपका येतो, कारण प्रार्थनेला बसलेला माणूस ड्युटीवर धरत नाहीत.

यावरच केळकरकाका ओरडत होते. त्यांना थांबवलं दाते गुरुजींनी. हे बालाजी घाटाजवळचे घनपाठी वैदिक, आजोबांचे जिवलग. दोघं रोज संध्याकाळी पायऱ्यांवर बसून एकमेकांच्या देवाबद्दल भांडायचे आणि एकाच कुल्हडवाल्याकडे चहा प्यायचे. गुरुजी म्हणाले, "केळकर, मी काशीत जन्मलो. लोकांना इथं आनंदानं मरताना बघत म्हातारा झालो. एक जण नाही म्हणतोय. ऐकून तरी घेऊ या, त्याचं म्हणणं काय आहे."

केळकरकाकांनी मग परवानगी दिली. पण सूड म्हणून त्यांनी प्रयोगाला शुक्रवारची संध्याकाळ दिली. आजोबा म्हणाले, शुक्रवारी सूर्य बुडाला की आमचा विसाव्याचा पवित्र दिवस लागतो, त्या दिवशी आमच्या तेली पूर्वजांनी घाणेसुद्धा बंद ठेवले, मी काय नाटक करणार? महिनाभर हे चाललं. अखेर रविवार मिळाला.

तालमी सुरू झाल्या. म्हातारा खुद्द आजोबा, पण बाकीच्या आठ यहुद्यांच्या भूमिका कोणी केल्या? दोन भिक्षुक, एक युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक, बँकेतले दोघे, एक आयुर्वेदिक वैद्य, एक रेल्वेचे गार्ड आणि खुद्द दाते गुरुजी. डोक्यावर यहुदी टोप्या आईनं जुन्या पडद्याच्या शिवल्या होत्या. शेवटच्या प्रसंगात सगळ्यांनी कद्दिश म्हणायचं, आणि तिथं आजोबा अडले. "खरे शब्द तालमीत नाही. प्रयोगातही नाही. दहा असल्याशिवाय मी ते तोंडातून काढत नाही." मग त्यांनी खऱ्या कद्दिशच्या चालीवर आपली दहा गावं बसवली. ते आठ जण सिनेगॉगच्या सुरात डोलत "नवगाऽऽव, थळऽऽ, किहीऽऽम" म्हणायला लागले की मी हसून हसून पडद्याच्या दोरीला लटकायची. गुरुजींनी तर त्यात उदात्त-अनुदात्त घातले. कोकणातल्या गावांची नावं इतक्या शुद्ध स्वरांत जगात कोणी उच्चारली नसतील.

यमदूत करणारे परांजपे ऐनवेळी मागे हटले. सासूबाईंनी शपथ घातली की घरात लहान पोर असताना असलं सोंग घ्यायचं नाही. रेड्याच्या केसांची मिशी आली माझ्या नाकाखाली. मला आनंद होताच, पण एक प्रश्न टोचत राहिला, आणि तो मी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विचारला.

"आजोबा, यमदूत दहावा चालतो. मग मी का नाही चालत?"

"यमदूत पुरुष आहे," ते म्हणाले, आणि टोस्ट चहात बुडवला.

त्या क्षणी मी ठरवलं. आजोबांच्या घशातलं ते कद्दिश मी बाहेर काढणार, स्टेजवर काढणार. मोजत नाहीत ना मला? मग मोजायची माणसं तरी मीच आणीन.

माणसं होती. घाटांमागच्या गल्ल्यांतल्या स्वस्त लॉजांमध्ये इस्राएलची तरुण पोरं उतरायला लागली होती. सैन्यातून सुटायची, केस वाढवायची, आणि गंगेकाठी पडून राहायची. आता तर त्या गल्ल्यांत हिब्रू पाट्या आहेत, पॅनकेक मिळतात, आणि गंगेत एवढाल्या क्रूझ फिरतात. तेव्हा तसं काही नव्हतं. शिंदे घाटाजवळच्या एका लॉजच्या गच्चीवर मला सात जण सापडले. त्यांचा म्होरक्या यारोन, कानात बाळी, तबला शिकत होता. त्याचा तबला ऐकून घाटावरची माकडं हनुमानाकडे तक्रार करायला गेली होती म्हणतात. माझं इंग्रजी असं-तसंच, पण आवाज भरपूर.

"आम्ही यहुदी," मी म्हटलं.

तो माझ्या पंजाबी ड्रेसकडे बघत राहिला. "इथं?"

"दोन हजार वर्षं. प्रार्थनेला दहा माणसं लागतात..."

"प्रार्थना?" सातही जण एकदम उठून बसले. "आम्ही प्रार्थना टाळायलाच इतक्या लांब आलोय."

मी जीभ चावली आणि बेत बदलला. "प्रार्थना कुठं! नाटक आहे. विनोदी. यमदूत मीच आहे. आणि नंतर आमच्या घरी जेवण, नारळाच्या रसातला मासा."

"मासा?" यारोन म्हणाला. महिनाभर ती पोरं केळी आणि बिस्किटांवर होती. "आम्ही सात जण आहोत. सातही येतो."

आजोबा, पप्पा, बेन्नी आणि हे सात. रेवदंडा गाठला! घरी मी कोणालाच काही बोलले नाही. पण आईला वास येतो. रोहू जास्त का आणायला सांगतेयस, म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघून तिनं विळी बाजूला ठेवली.

"शुलू, कोणाला बोलावलंयस?"

मी सांगितलं.

"कद्दिश झालं आणि तुझे आजोबा गेले, तर मी तुझं तोंड बघणार नाही."

"आई, ते रोज ते गिळतायत. मला बघवत नाही."

मग तिनं विळी ओढली आणि नारळ खवायला घेतला. एक नाही, चार.

प्रयोगाला हॉल खच्चून भरला. खुर्च्या कोणी फेकल्या नाहीत, उलट लोक हसून खुर्च्यांवरून पडत होते. एक बनारसी पंडितजी पहिल्या अंकापासून "वाह गुरु! मत मरो!" ओरडत होते, आणि प्रत्येक वेळी आजोबा त्यांना वाकून नमस्कार करायचे. मी मिशी सांभाळत, गदा ओढत फेऱ्या मारत होते. पहिल्या रांगेत इस्राएलची पोरं बसलेली. मी यमदूताच्या डोळ्यांनी त्यांच्यावरून नजर फिरवली, आणि माझी गदा हातातून गळाली. सहाच होते. सातव्याला गल्लीतली चाट बाधली होती, तो लॉजवर पोट धरून पडला होता. रेवदंडा गेला. मी स्टेजवरच ठरवलं, आता काही सांगायचं नाही, नाटक नाटकासारखं होऊ दे.

शेवटचा प्रसंग आला. मी दहावी म्हणून मांडी घातली. आजोबा मध्ये उभे, डोक्यावर आजीनं शिवलेल्या प्रार्थनेच्या शालीचा पदर. त्यांनी चाल धरली, "नवगाऽऽव, थळऽऽ..." मागून गुरुजींचा खर्ज. आणि पहिल्या रांगेत यारोन एकदम ताठ झाला. आपल्या आजाच्या मयतीत ऐकलेली चाल आणि शब्द मात्र भलतेच, हे त्या पोराला सहनच होईना. तो उठून उभा राहिला आणि ओरडला, "शब्द हे नाहीत!" हिब्रूत ओरडला, पण सगळ्या हॉलला कळलं.

आजोबा थांबले. लोकांना वाटलं नाटकातच आहे, टाळ्या पडल्या. आजोबा रंगमंचाच्या कडेशी आले आणि त्या पोरांकडे बघत राहिले. मग हिब्रूत हळूच काहीतरी विचारलं, यारोननं होकाराची मान हलवली. आजोबांनी हात पुढे केला. सहाही जण चपला घालून, केस सोडून, एकमेकांना ढकलत वर चढले. विंगेतून पप्पा बेन्नीचं बखोट धरून आले. बेन्नी कुरकुरतच होता, "अरे यार, दोस्त लोग देख रहे हैं." आजोबा आपल्या आठ नटांकडे वळून म्हणाले, "तुम्ही आमेन म्हणा. तुम्हाला मोजणार नाही." गुरुजींनी छातीला हात लावला.

मग आजोबांनी बोट उचललं. नवगाव. थळ. किहीम. मग त्या पोरांच्या छातीवरून एकेक, आवास, झिराड, पोयनाड, पेण, रोहा. यारोनपाशी, अष्टमी. पुढे कोणी नव्हतं. बोट हवेत राहिलं. हॉल इतका गप्प झाला की मला माझी मिशी सुटत असल्याचा आवाज ऐकू आला. खरंच सुटली, अर्धी ओठावर लोंबायला लागली. ती मी धरली नाही. समोर आई पदर तोंडाशी धरून पुटपुटत होती. तिनं नंतर सांगितलं, एलियाहू हन्नाबीला, म्हणजे आमच्या संदेष्ट्याला, नवस बोलत होते, म्हातारा राहू दे, गोड पोह्यांचा मलिदा करीन. आजोबांचं बोट वळलं. सावकाश, खूप सावकाश. आणि माझ्यावर येऊन टेकलं.

"रेवदंडा," आजोबा म्हणाले.

आणि त्यांनी कद्दिश सुरू केलं. पहिला शब्द मी इथं लिहीत नाही. हे पुस्तक दहा जण तरी वाचतील की नाही याची प्रकाशकालाही खात्री नाही. आजीचं नाव घेताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. सहा परकी पोरं, पप्पा, बेन्नी आमेन म्हणत होते. मागून भिक्षुक, गार्ड आणि वैद्य म्हणत होते. शेवटचं आमेन सगळ्या हॉलनं म्हटलं, आणि त्या पंडितजींचं सगळ्यांत मोठं होतं. मीही म्हटलं. माझ्या आवाजानं खिडकीची काच फुटली म्हणतात, पण ती आधीच तडकलेली होती.

जेवणाच्या वेळी पोरांनी मासा असा खाल्ला की मांजरांनी उपोषण केलं. आजोबाही पोटभर जेवले आणि कोणाशी न बोलता रजई ओढून झोपले.

सकाळी धुकं इतकं होतं की समोरचं इंजिनही कारखान्यात चाचपडत गेलं असेल. मी उठले तेव्हा आई मलिद्याचे पोहे धुऊन बसली होती, खोबरं, गूळ, वेलची, फळं, सगळं मांडून. नवस फळला की नाही हे बघायला आत जायचा मात्र तिला धीर नव्हता. पप्पा दारात मेझुझाला हात लावून उभे. मी आत गेले. रजई हलत नव्हती. मी वाकून नाकाशी बोटं धरली, आणि एक डोळा उघडला.

"काय बघतेस?"

मी बोटं मागे घेतली. "आजोबा, कद्दिश झालं. तुम्ही म्हणायचात, झालं की मी मोकळा."

त्यांनी दुसरा डोळा उघडला, रजई हनुवटीपर्यंत ओढली.

"कुठं झालं? रेवदंडा राहिला होता. चहा टाक."